न विरलेला सातवा

१

चोरी झाली की घरात काहीतरी कमी भरतं. त्या सकाळी कारखान्यामागच्या वाफ्यात मात्र एक गोष्ट जास्तीची निघाली, आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

वाफ्यात ओळीनं दहा खड्डे. दर खड्ड्यात नायलॉनच्या जाळीची एक पिशवी, पिशवीच्या तोंडाला दोरी, दोरीला नंबराचा पत्र्याचा बिल्ला. नव्वद दिवसांपूर्वी या पिशव्यांत एकेक ट्रे घालून वर माती लोटली होती. ट्रे बटाट्याच्या स्टार्चचे, भुशाचे तंतू घालून साच्यात भाजलेले. त्यात रोप लावायचं, ट्रेसकट ते जमिनीत ठेवायचं, आणि मुळांनी बाहेर पाऊल टाकेपर्यंत ट्रेनं आपणहून माती होऊन जायचं. असं निमूट जाणारं भांडं. त्याचं सगळं मोठेपण त्याच्या जाण्यातच.

रोपवाटिकांच्या संघाला असे ट्रे हवे होते, वर्षानुवर्षं पुरतील इतके. अट एकच होती. दहापैकी दहा विरले पाहिजेत.

संघाचे तपासनीस खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून पिशव्या झटकत होते. पहिली रिकामी. दुसरी रिकामी. तिसऱ्या पिशवीतून एक गांडूळ निघालं, त्यालाही त्यांनी टिपणवहीत जागा दिली. सहावीपर्यंत ताईच्या चेहऱ्यावर ऊन चढत गेलं. ताई म्हणजे कारखान्याची धनीण, वय तिशीच्या आतबाहेर, हातात फावडं.

सातव्या पिशवीत मात्र टणक काहीतरी लागलं.

तपासनिसांनी ते बाहेर काढलं. ट्रे! चिखलानं माखलेला, पण चार काठ, चार कोपरे शाबूत. आठवी, नववी, दहावी रिकामी निघाली, पण आता तिकडे बघतंय कोण?

"यात प्लॅस्टिक आहे," तपासनीस म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "सगळ्यांत नसेल. पण एकात असलं तरी मला लिहावं लागणार. हा कोणी बनवला होता?"

प्रेसवाल्यानं मान खाली घातली. पॅकिंगवालीनं पदर तोंडाशी नेला. दोघंही वाकून त्या ट्रेकडे बघत होते, जसं काही ओळखीचं माणूस ओळखू न येण्यासारखं परतलं होतं. ताईचे काका तेवढे काठावरून पुढे आले नाहीत. आपल्या चकचकीत बुटांवरची माती रुमालानं टिपत राहिले.

"माझ्या आईनं," ताई म्हणाली. "तिनं केलेला शेवटचा ट्रे आहे तो."

२

आई गेल्याला पाच महिने होत आले होते. काका तिचे धाकटे दीर, ते तिला वहिनी म्हणत, म्हणून सगळा कारखानाच तिला वहिनी म्हणायचा. लग्न होऊन ती आली तेव्हा हा दीर सहा वर्षांचा होता, आईवेगळा. दुसऱ्याच आठवड्यात तो तिच्या पदराला धरून शाळेत गेला. नवरा लवकर गेल्यावर तिनं मोठी कढई मांडली, स्टार्चची खळ ढवळली आणि ट्रे करायला घेतले. ढवळताना गुठळी होऊ नये म्हणून हात थांबवायचा नसतो, आणि हात थांबू नये म्हणून ती गायची:

मातीनं दिलं बाई, मातीला करू परत,
देत्या हाताचं गं काही, कधी नाही सरत.

आता तिच्याच हातच्या ट्रेवर भेसळीचा आळ आला होता.

"पाच वाजता मी अहवाल लिहीन," तपासनीस म्हणाले होते. "तोवर कारण सापडलं तर सांगा." अहवाल वाईट गेला तर मागणी जाणार, आणि मागणी गेली तर कारखाना उभा राहायचा नाही. इमारतीत काकांचा अर्धा वाटा, आणि ती विकून टाकण्याचा कागद त्यांनी महिन्यापूर्वीच ताईपुढे ठेवला होता. पण ताईच्या मनात ते नव्हतं. तिनं फोन लावला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मावशी, आईला खोटं पाडतायत गं."

अर्ध्या तासात पार्सलमावशी हजर. वहिनीची शाळेपासूनची मैत्रीण. एकतीस वर्षं तिनं पार्सलच्या ऑफिसात एकच काम केलं: फुटलेल्या, उघडलेल्या, अदलाबदल झालेल्या पार्सलांची चौकशी. खोकं वाटेत फुटलं की मुद्दाम फोडलं, हे ती चिकटपट्टीच्या टोकावरून सांगायची. लोक म्हणत, मावशीला लग्नाचा आहेर देऊ नये, वरच्या कागदावरूनच तो आधी कोणी कोणाला दिला होता ते ओळखते.

"हो बाजूला," ती म्हणाली. "चहा नंतर. आधी पाहुणा दाखवा."

तिनं ट्रे तळहातावर तोलला. मग शेजारी नवा ट्रे ठेवून तोही तोलला. "हा मातीतला हलका का गं?"

ट्रेच्या एका काठाला टाचणीएवढं भोक होतं. मावशीनं तिथे नखानं टोकरलं. वरचं पातळ कवच पापुद्र्यासारखं सुटलं, आणि आत पोकळी दिसली. गर विरून गेला होता, थोडा भुगा तेवढा शिल्लक.

"आयोडीन आहे?"

प्रथमोपचाराच्या पेटीतून बाटली आली. आतल्या भुग्यावर थेंब पडला आणि शाईसारखा निळाजांभळा झाला.

"स्टार्च," ताई पुटपुटली. "म्हणजे प्लॅस्टिक नाहीच."

"घाई नको." मावशीनं दुसरा थेंब ट्रेच्या पाठीवर टाकला. तो तपकिरीच राहिला, आणि अळवावरच्या पाण्यासारखा घरंगळून खाली आला. मग तिनं बोट ओलं करून नव्या ट्रेवर घासलं. बोट पोस्टाच्या तिकिटासारखं चिकटलं. "हा बघ कसा लगट करतो. आणि तो मघाचा अंगाला हात लावू देत नाही. त्याला कोणीतरी अंगरखा घातलाय."

तिनं पाण्यानं ट्रेचे कोपरे धुतले. या कारखान्यात एक रीत होती. ट्रे साच्यातून निघाला की गरम असतानाच कोपऱ्यात अंगठा दाबायचा. अंगठा खोल रुतला तर ट्रे कच्चा; उथळ खळगा पडला तर शिजला. त्यामुळे इथल्या प्रत्येक ट्रेवर कोणाचा ना कोणाचा अंगठा असतोच.

ट्रेच्या वरच्या कडेला उठावाचं पान होतं. मावशीनं ते पान वर धरलं. खळगा उजव्या कोपऱ्यात होता.

"पोरी, तुझी आई अंगठा कुठे लावायची?"

"डाव्या कोपऱ्यात. उजव्या हातात पळी असायची ना, म्हणून डाव्या हातानं..." ताई बोलता बोलता थांबली.

मावशीनं ट्रे खाली ठेवला. "मग रडू नकोस. हा तुझ्या आईचा नाही. सातव्या पिशवीतला पाहुणा कोणीतरी बदललाय."

३

प्रेसवाल्याला सगळे फुंकऱ्या म्हणत, कारण साच्यातून निघालेल्या दर ट्रेवर तो फुंकर घालायचा. यंत्राला पंखा होता, तरी.

"माझ्यावर संशय असेल तर सरळ म्हणा," तो मावशीपुढे उभा राहून म्हणाला. "मी वहिनींशी भांडायचो, हे खरं आहे. मिश्रण पातळ आलं की भांडायचो. त्या म्हणायच्या, तू फुंकर घालतोस म्हणून ट्रे वाकडे होतात. आता कोणाशी भांडू?"

"हा अंगठा कोणाचा?"

फुंकऱ्यानं कोपरा पाहिला, आपला अंगठा त्यात बसवला. बसला! त्याचा चेहरा उतरला. "माझाच की. पण मावशी, इथले निम्मे ट्रे माझ्याच अंगठ्याचे आहेत."

"बरं. इथे कशाला वॉर्निश लावता?"

"ट्रेला? छे! लावलं तर मग विरणार कसे? ते काचेच्या कपाटातल्या नमुन्यांना तेवढं लावलं होतं दोन हात. उंदीर खात होते हो! एकदा पाहुण्यांना दाखवायला ताईंनी कपाट उघडलं तर आत नमुने नाहीत, नुसत्या लेंड्या. ताई म्हणाल्या, आपला माल उत्तम आहे याचं याहून मोठं प्रमाणपत्र नको, पण पाहुण्यांना काय दाखवू?"

पॅकिंगवालीला समोरच्या प्लॅस्टिकच्या कारखान्यानं जास्त पगारावर बोलावलं होतं, ही बातमी मावशीला चहाच्या आधीच कळली होती.

"बोलावलंय ना," पॅकिंगवाली म्हणाली. "आणि मी गेले नाही, हे नाही कळलं तुम्हाला? त्या पिशव्या मी बांधल्या, सगळ्यांसमोर. दहाही. माझी गाठ म्हणजे चपटी गाठ, ओढली की आवळते. अहो, माझी गाठ सोडायला माझाच नवरा दात लावतो."

"पुरल्यावर वाफ्याशी कोण राहिलं?"

"कोणीच नाही. आम्ही वर डबे खायला गेलो. गोदामाची किल्ली माझ्या कमरेला, ती काही मी काढत नाही." तिनं आवाज उतरवला. "काका तेवढे खाली होते. ते आमच्यात जेवत नाहीत. पण मावशी, ते म्हणजे... बोलतात वाईट, करत काही नाहीत."

काका पायरीवर बसले होते. उतारवयातही शाळेच्या पहिल्या दिवशीसारखे नीटनेटके. भांग चोपून, बुटांना पॉलिश, नाड्यांच्या दुहेरी फेऱ्याच्या टपोऱ्या पाकळ्या.

"या पार्सलबाई. उघडलं का खोकं?"

"उघडतेय, भाऊजी. तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? तीस वर्षं सांगत होतो वहिनीला, ही पेजेची भांडी आहेत, यांच्यावर संसार चालत नाही. कपड्याच्या खळीत आणि तुझ्या मालात फरक काय, विचारायचो. ती हसायची. म्हणायची, खळीनं कपडा ताठ होतो, माझ्या खळीनं तू ताठ झालास."

"आणि आता इमारत विकायची."

"विकायची." त्यांनी दुसरीकडे पाहिलं. "रोज या दारावरून जायचं. आत कढई आहे, पळी आहे... जाऊ द्या. तुम्हाला नाही कळायचं."

"त्या दुपारी, ट्रे पुरले त्या दिवशी, तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. याच पायरीवर."

"काही पाहिलंत?"

काका उठले. "पाच वाजायला फार वेळ नाही उरला, पार्सलबाई," एवढंच म्हणून ते आत गेले.

मावशी त्यांच्या बुटांकडे बघत राहिली. मग ती उठली आणि जवळजवळ पळतच वाफ्याकडे गेली.

४

दहा पिशव्या अजून तिथेच पडल्या होत्या. तपासनिसांनी गाठी सोडल्या नव्हत्या, पिशव्या खालून कापल्या होत्या. मावशी एकेक दोरी बोटांवरून सरकवत गेली. चपटी गाठ. चपटी. चपटी.

सातवीवर तिचं बोट थांबलं. तिनं डोळे मिटले, आणि ऊन कलत असताना तिला एक जुनी सकाळ दिसली. दारात मोठी सून, पायाशी बसलेलं लहानगं पोर, आणि तिचं ते गुणगुणणं.

ऑफिसातलं काचेचं कपाट तिनं मग पाहिलं ते केवळ रीत म्हणून. पुढच्या रांगेत सगळे नमुने होते. मागच्या रांगेतली ट्रे टेकवायची एक घोडी रिकामी. नव्वद दिवस कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आपल्याच कपाटात आपण कधी डोकावतो?

५

चार वाजता मावशीनं सगळ्यांना कढईजवळ बोलावलं. तपासनीस स्टुलावर, बाकीचे उभे.

"पार्सल बदललेलं असलं की मी एकच विचारायचे," ती म्हणाली. "आत काय घातलं, ते नंतर. बाहेर काय नेलं? कारण माणूस घालण्यासाठी खोकं उघडत नाही, नेण्यासाठी उघडतो. आपण सकाळपासून या ट्रेकडे बघतोय. गेला कोणता, ते कोणी विचारलं नाही. गेला तो वहिनीच्या अंगठ्याचा शेवटचा ट्रे."

"कोणी नेईल कशाला?" तपासनीस म्हणाले. "नमुना बिघडवायला?"

"बिघडवायचा असता, तर दहाही पिशव्या होत्या की. ज्यानं नेला त्याला नमुना बिघडवायचा नव्हता. उलट त्यानं काळजीनं दुसरा ट्रे आत ठेवला. वाटलं, हाही विरेल, कोणाला कळणार नाही. गोदामाला कुलूप होतं, म्हणून त्यानं तो कपाटातून घेतला. चूक झाली ती तिथे. कपाटातल्या ट्रेला वॉर्निश आहे हे ताईला ठाऊक, लावणाऱ्या फुंकऱ्याला ठाऊक. पॅकिंगवाली, तुला?"

"मीच ब्रश धुतले हो. हात आठवडाभर चिकट होते."

"म्हणजे ज्याला ठाऊक नव्हतं, त्यानं केलं. जो तीस वर्षं पेजेची भांडी म्हणून हिणवत आला, आणि म्हणून कपाटाजवळ कधी फिरकला नाही." मावशीचा आवाज मऊ झाला. "सकाळी सातवा निघाला तेव्हा सगळे वाकून वहिनीचा ट्रे शोधत होते. एक माणूस पुढे आला नाही. त्याला माहीत होतं, तो तिचा नाही."

कोणी काकांकडे पाहिलं नाही. काका आपल्या बुटांकडे पाहत होते.

मावशीनं सातव्या पिशवीची दोरी पुढे धरली. गाठीला दोन टपोऱ्या पाकळ्या होत्या, मधे दुहेरी फेरा. नव्वद दिवस मातीत राहून सुटली नव्हती.

"वहिनी तुम्हाला नाडी बांधायला शिकवत होती तेव्हा मी त्या दारात उभी होते, भाऊजी. दोन पाकळ्या, दोन फेरे..."

"...धावलास तरी सुटणार नाही रे," काका म्हणाले. आणि त्यांचा हात आपोआप बुटाच्या नाडीकडे गेला.

६

"पुरताना मला बघवेना," काका म्हणाले. ते बोलत होते ताईशी, पण बघत होते कढईकडे. "तिला निरोप देऊन आलो होतो, तेव्हा रडलो नाही. आणि इथे एक ट्रे मातीत घालतायत तर पायरीवर जाऊन रडलो. त्यावर तिचा अंगठा होता, पोरी. कपाळावर गंध लावल्यासारखा. तो विरणार म्हटल्यावर... म्हटलं, एक राहिला तर कोणाचं काय बिघडतं?"

"मग सकाळी बोलला का नाहीत, काका?" ताईच्या आवाजात राग होता, आणि रागाखाली दुसरंच काहीतरी. "आईला भेसळवाली म्हणत होते ते."

"काय बोलणार? जन्मभर ज्याची टिंगल केली, तेच चोरून उराशी ठेवलंय म्हणून? जीभच उचलेना. तो का विरला नाही, हेही कळेना. पाचच्या आत सांगणार होतो. सांगायलाच आत आलो, आणि तोंड उघडेना." त्यांनी नाक पुसलं. "आणि तो विक्रीचा कागद... या दाराशी आलो की आतून तिचं गाणं ऐकू येत नाही. म्हटलं, दारच नको."

तपासनिसांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "कारण मला पटलं. प्लॅस्टिक नाही, हे मी लिहितो. पण दहापैकी नऊच विरलेत. सातवा तपासलाच गेला नाही. तो सापडला आणि पुन्हा पुरला, तर मी नव्वद दिवस थांबायला तयार आहे. तोच ट्रे पाहिजे मात्र. नोंदीत त्याचं वजन आहे, डाव्या कोपऱ्यातला खळगा आहे."

काका घरी गेले आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. आत जुनी शाळेची बंडी, बंडीत गुंडाळलेला ट्रे. कोरडा, फिकट, डाव्या कोपऱ्यात उथळसा खळगा. त्यांनी तो ताईकडे दिला नाही. देववेना.

"दुसरा काही मार्ग नाही का?" फुंकऱ्यानंच विचारलं. त्याचे डोळे भरले होते.

मावशी काकांच्या शेजारी बसली. "भाऊजी, जपून ठेवलात तर तुमच्याजवळ अंगठा राहील. पण ती जन्मभर म्हणत होती, माझं भांडं मागे उरत नाही. हा उरला तर ती खोटी पडेल."

काकांनी खळग्यात आपला अंगठा ठेवला. मोठा होता, बसला नाही. मग ते उठले, चकचकीत बुटांसकट वाफ्यात उतरले, गुडघे मातीत टेकले. पिशवी नवी, बिल्ला जुनाच. ट्रे आत ठेवला. गाठ बांधताना त्यांचे ओठ हलत होते.

"चपटी मारू का मी, काका?" पॅकिंगवालीनं हळूच विचारलं.

"नको गं. हीच राहू दे. हिची ओळख आहे."

७

नव्वद दिवस काका रोज येत होते. आधी वाफ्याशी, मग पायरीवर, मग पायरीच्या आत. एके दिवशी ताईच्या टेबलावर विक्रीचा कागद सापडला, चार तुकडे केलेला.

तपासनीस पुन्हा उकिडवे बसले. पिशवी निघाली. गाठ तशीच, दोन पाकळ्या, दोन फेरे, जरा मळलेली. आत काळीभोर, भुसभुशीत माती, आणि दुसरं काहीच नाही.

त्यांनी पिशवी दोनदा झटकली, उलटी केली, उजेडाकडे धरली. मग टिपणवहीत लिहिलं आणि ताईला दाखवलं. दहापैकी दहा.

पॅकिंगवालीनं टाळी वाजवली. मावशी म्हणाली, "आता चहा." काकांनी पिशवीतली चिमूटभर माती चिमटीत घेतली, चोळली, सोडून दिली. खिशात नाही घातली.

आत प्रेस तापली होती. फुंकऱ्यानं साचा उघडला, वाफ उसळली. काका पुढे झाले.

"मला दाबू दे."

"काका, भाजेल. तुम्ही कधी..."

"तीस वर्षं बघतोय. दाबू दे म्हणतो ना."

ते उजव्या हाताचे. पण त्यांनी डावा अंगठा पुढे केला, पान वर धरलं आणि डाव्या कोपऱ्यात दाबला. एक क्षण, दोन क्षण. "आई गं!" म्हणून हात झटकला.

खळगा उथळ पडला होता. शिजला होता ट्रे.

फुंकऱ्यानं नेहमीसारखे गाल फुगवले. पण या वेळी त्यानं ट्रेवर नाही, काकांच्या अंगठ्यावर फुंकर घातली.